अंतरपाट सुटताना

लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं मंगलाष्टकांकडे कान देऊ नयेत, भटजींच्या हातांकडे डोळे ठेवावेत. शेवटचं मंगलाष्टक कुठलं हे कानाला कळत नाही, कारण शेवटचं म्हणून झाल्यावर कुणाची तरी काकू पर्समधून स्वतः रचलेलं काढतेच. भटजी मात्र फसत नाहीत. खरोखर वेळ आली की त्यांची बोटं अंतरपाटाची कड हळूहळू मुठीत गोळा करू लागतात. ती मूठ वळली की आपण बटणावर बोट ठेवायचं.

हे सगळं माझं आहे. नातेवाइकांच्या लग्नांत फुकट फोटो काढता काढता, आणि फुकट काढूनही बोलणी खाता खाता, मी ते शोधून काढलं आहे. आज मात्र पुण्यात फोटोग्राफी शिकणारी पोरं हा नियम एका बाईंच्या नावावर सांगतात. बाई नामांकित आहेत. त्यांच्या वर्गात प्रवेश मिळाला की आईबाप पेढे वाटतात. त्यांनी हा नियम स्वतःचा म्हणून कधी सांगितलेला नाही, हे मला मान्य करावं लागतं. त्या म्हणतात, "मला असं शिकवलं होतं." कुणी शिकवलं, ते कुणी विचारत नाही, आणि मी दर वेळी तिथे हजर राहून हात वर करू शकत नाही.

ही बाई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची कॉलेजातली मैत्रीण. आम्ही तेव्हा शनिवार पेठेत राहायचो. आई, बहीण आणि मी. वडील आधीच गेले होते. मी एका कचेरीत कारकून होतो आणि रविवारी फोटोग्राफर. माझ्याकडे एक जुना जर्मन एसएलआर कॅमेरा होता, आणि न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकून मी तिथेच फोटो धुवायचो. त्या दुपारी घरात कुणाला हातपाय धुण्याची सोय नसे. आई म्हणायची, "देवांची आंघोळ राहिली तरी चालेल, ह्याच्या फोटोंची राहता कामा नये."

अशाच एका दुपारी ती मैत्रीण अभ्यासाला म्हणून आली आणि दांडीपाशी थबकली. माझे शर्ट आणि आईचं लुगडं यांच्या मधे फोटो चिमट्यांनी अडकवलेले होते. ती ते एकेक करून बघत राहिली. माझ्या घरात कुणी माझ्या फोटोंपुढे तेवढा वेळ उभं राहिलेलं नव्हतं.

"हे घरी करता येतं?" तिनं विचारलं.

"येतं. फक्त घरच्यांना आंघोळ करता येत नाही," मी म्हणालो.

पुण्यात एखाद्या तरुणानं एखाद्या मुलीला काही शिकवायला घेतलं की शेजारी थेट मुहूर्तच विचारतात. तसलं आमच्यात काही नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला फक्त ऐकणारं कुणीतरी हवं होतं. कचेरीत माझं कुणी ऐकत नसे आणि घरात आईचं ऐकावं लागे. ही मुलगी मांडी घालून समोर बसायची आणि मी बोलत सुटायचो. बहीण बाजूला बसून मटार सोलायची. तिचं आमच्याकडे लक्ष नाही असं मला वाटायचं.

पहिला आठवडा मी तिला फिल्मच दिली नाही. रिकाम्या कॅमेऱ्यातून बघायला लावलं. माणसाकडे सगळेच बघतात, तू माणसाच्या मागे बघ, असं सांगितलं. डोक्यातून विजेचा खांब उगवलेला दिसला, तर माणसाला हलवायचं नाही, आपण एक पाऊल सरकायचं. फोटो फसला असं वाटलं की आणखी एक पाऊल पुढे जायचं, कारण बहुतेक फोटो लांबून काढल्यानं फसतात. त्या काळी जो तो सांगायचा, सूर्य पाठीशी घ्या. मी म्हणायचो, सूर्य पाठीशी घेतला की समोरचा माणूस डोळे बारीक करतो आणि कर्ज बुडाल्यासारखा दिसतो. त्याला दारात उभं करावं, अंग सावलीत आणि तोंड उजेडाकडे. मग त्याच्या डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो, आणि तो ठिपका नसला की जिवंत माणसाचाही फोटो हार घालण्याच्या लायकीचा होतो.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली होती. ती पुढे लागणार आहे म्हणून इथे सांगतो. एसएलआर कॅमेऱ्यात आपण बघतो ते एका आरशातून. बटण दाबताक्षणी तो आरसा वर उडतो आणि आत अंधार होतो. माझा कॅमेरा तर इतका जुना होता की फिल्म पुढे ओढेपर्यंत आरसा खाली येतच नसे. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघाला, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसलेला नसतो. "दिसला तर समज, चुकला," मी म्हणालो होतो. मैत्रिणीनं मान हलवली. बहिणीनं मटाराची शेंग हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तुला काहीच दिसत नाही?" मी म्हणालो, "फोटोत दिसतं की नंतर."

माझं पोट दुखायला लागलं ते मंडईत. एका सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो होतो. वरच्या झरोक्यांतून ऊन तिरपं उतरत होतं आणि एक भाजीवाली मेथीवर पाणी शिंपडत होती. पाणी, धूर आणि वाफ यांचा फोटो काढायचा तर उजेड त्यांच्या मागून यायला हवा. मी मैत्रिणीला नेमक्या जागी उभं केलं, कॅमेरा लावून दिला, आणि म्हणालो, "दाब." तिनं दाबलं नाही. ती आधी भाजीवाल्या बाईंशी बोलली. मेथी कुठली, मुलं किती, असलं काहीतरी. दोन जुड्या घेतल्या. मी घड्याळाकडे बघत उभा. ऊन सरकत होतं. मग बाई कशावर तरी हसल्या आणि हसता हसता त्यांनी ओंजळभर पाणी उडवलं.

डेव्हलपरच्या ट्रेमध्ये तो फोटो वर आला. पाण्याचा थेंब न् थेंब उजळला होता, आणि त्यामागे ते हसणं. माझ्या इतक्या वर्षांच्या फोटोंत असं एकही हसणं नव्हतं. माझी माणसं सगळी पासपोर्टसाठी बसल्यासारखी असायची.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"बरा आहे. डाव्या कोपऱ्यात टोपली कापली गेली आहे," मी म्हणालो.

"हो, खरंच की," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बघीन."

तिचं हेच मला सहन होत नसे. ती उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं. पुढच्या रविवारी मी एकटा मंडईत गेलो. तीच बाई, तेच ऊन, तीच जागा. मी बाईंना म्हणालो, "जरा पाणी मारा." त्यांनी मारलं. फोटोत एक बाई आली आणि एक मेथी आली. मी तिला कॅमेरा शिकवला होता. माणसांशी बोलणं तिला माझ्याकडून शिकावं लागलं नव्हतं, आणि मला ते कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या छायाचित्र मंडळाचं दर वर्षी प्रदर्शन भरे. दारात पाटी असे, "फोटोंना हात लावू नये. लावल्यानं ते सुधारत नाहीत." त्या वर्षी मेथीवाली समोरच्या भिंतीवर लागली आणि माझं नदीकाठचं धुकं जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाच्या वर. येणारा प्रत्येक माणूस माझ्या फोटोपाशी थांबायचा, कारण पेला तिथेच साखळीनं बांधलेला होता. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, हे माझे गुरू, यांनी मला शिकवलं. लोक माझ्याकडे वळून म्हणत, "वा! तुम्हीही काढता?" गुरूची विद्या गुरूला फळते म्हणतात ती अशी. मी घरी आलो आणि आईला म्हणालो, पोरीला नशीब आहे. आई म्हणाली, "हात पण आहे." मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

त्यानंतर वर्षभरात बहिणीचं लग्न ठरलं.

हे लग्न मी मनात केव्हाच काढून ठेवलं होतं. कार्यालय ठरल्या ठरल्या मी तिथे दोनतीनदा जाऊन आलो, मुहूर्ताच्या वेळी ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते बघितलं, बोहल्याच्या डाव्या हाताला स्टूल कुठे ठेवायचं ते ठरवलं. व्यवस्थापकांना वाटलं मी भटारखान्यावर नजर ठेवायला आलो आहे. मला एकच फोटो हवा होता. अंतरपाट खाली सुटतोय, अक्षता हवेत आहेत, आणि बहिणीनं मान वर केली आहे. तो फोटो तिच्या घरात आयुष्यभर लागेल, तिची मुलं तो बघतील, आणि ती त्यांना सांगेल, हा मामानं काढला. मेथीवाली मग खुशाल जगभर फिरू दे.

एका संध्याकाळी बहीण मला पान वाढत होती. ती म्हणाली, "दादा, लग्नातले फोटो ती काढेल. मी तिला सांगितलंय."

माझा घास हातातच राहिला. "आणि मी काय करू? पंक्तीत मठ्ठा वाढू?"

"तू कान पिळ. आणि नुसता उभा राहा माझ्या मागे. बाबा नाहीत. मामा आहेत, पण मला तू हवा आहेस."

"कान पिळायला किती वेळ लागतो? मी कॅमेरा गळ्यात ठेवून पिळीन."

"नको," ती म्हणाली. "आपल्या घरातल्या एकाही फोटोत तू नाहीस, दादा. आणि तूच म्हणतोस ना, बटण दाबलं की आत अंधार होतो? फोटो काढणाऱ्याला नेमकं तेवढंच दिसत नाही? मग फोटो तिला काढू दे. तू बघ. घरचं एक माणूस तरी मला डोळ्यांनी बघणारं हवं."

आज हे लिहिताना ते वाक्य मला स्वच्छ ऐकू येतं. तेव्हा मात्र माझ्या कानात दुसरंच घुमत होतं. मी विचारलं, "ती माझ्यापेक्षा चांगले काढते म्हणून?"

बहीण आमटी वाढता वाढता किंचित थांबली. फार नाही. मग म्हणाली, "तो वेगळा प्रश्न आहे."

तो वेगळा प्रश्न घेऊन मी लग्नापर्यंतचे सगळे दिवस काढले. आईनं सांगितलेली कामं केली, पत्रिका वाटल्या, आचाऱ्याशी भांडलो, आणि प्रत्येक जागी मनात म्हणालो, थांबली. आमटी वाढताना थांबली.

कॅमेरा आणि फ्लॅश माझाच, कारण त्या मुलीकडे दोन्ही नव्हतं. मी तो तिला देताना सगळं सांगितलं. भटजींच्या हातांचं सांगितलं. दर "सावधान"ला अक्षता उडतात, तेव्हा मोह आवर, कारण फ्लॅशला पुन्हा भरायला वेळ लागतो आणि खरा क्षण नेमका त्या वेळात निघून जातो, हेही सांगितलं. फ्लॅश कॅमेऱ्यावर लावू नकोस, तारेनं जोडून हात लांब करून धर, नाहीतर लेन्सपुढून उडणारा तांदळाचा दाणा उजेड खातो आणि नवरीच्या तोंडावर पांढरा डाग पडतो. मुंडावळ्या डोळ्यांवर येतात, म्हणून जरा खालून काढ. एकही गोष्ट मी लपवली नाही. मत्सरी माणूस लबाड असतोच असं नाही. मी तिला सगळं दिलं आणि मनोमन प्रार्थना केली की तिला ते जमू नये.

लग्नाच्या दिवशी ती साधी सुती साडी नेसून आली, पदर कमरेला खोचलेला. माझ्या स्टुलावर, मी ठरवलेल्या जागी, ती चढली. ती जागा मी तिला सांगितली नव्हती. तिची तिनं शोधली होती.

मामांनी बहिणीला आणून पाटावर उभं केलं. मी तिच्या मागे, उजव्या खांद्यापाशी. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या "सावधान"ला अक्षता उडाल्या आणि मी स्टुलाकडे पाहिलं. तिनं फ्लॅश मारला नाही. दुसऱ्याला पाहिलं. नाही मारला. मार की, मी मनात म्हणालो. एकदा तरी चूक. भटजींचं सगळं म्हणून झालं, लोकांनी उरलेल्या अक्षता हातात घेतल्या, वाजंत्रीवाला वाजवायला सरसावला, आणि वराकडच्या एक काकू पुढे आल्या. त्यांनी पर्समधून चतकोर कागद काढला. त्यात दोन्ही घराण्यांची सगळी नावं होती आणि यमक एकाचंही जुळत नव्हतं. लोक चुळबुळ करू लागले. मला मात्र त्या काकूंचा आधार वाटला. इथे फसेल, मी म्हणालो. इथे भलेभले फसतात, मी स्वतः फसलो आहे. काकूंचं "सावधान" आलं. अक्षता उडाल्या. स्टुलावर उजेड झाला नाही.

मग भटजींनी स्वतःचं एक शेवटचं सुरू केलं. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटं हलली. कड मुठीत गोळा होऊ लागली. मला ते दिसलं आणि मी झटकन मान वर करून स्टुलाकडे पाहिलं, तिला ते दिसलंय का ते बघायला.

तिला दिसलं होतं. लखकन उजेड झाला. वाजंत्री सुरू झाली. मी मान वळवली तेव्हा एकमेकांना हार घालून झाले होते.

पुढे लाजाहोमात मी नवरदेवाचा कान पिळला तो जरा जोरातच पिळला गेला. मेहुणे सज्जन माणूस, ते "आई गं" म्हणून हसले, आणि मैत्रिणीनं तोही फोटो टिपला.

फोटो धुवायचे माझ्याकडेच आले, न्हाणीघर माझं म्हणून. ती मदतीला आली होती. लाल दिव्यात ट्रेपाशी आम्ही दोघं वाकून उभे होतो. कागदावर आधी बहिणीचे केस काळे झाले, मग नथीचा आकडा, मग डोळे. तिनं मान वर केली होती. दाणे हवेत थांबले होते, आणि चेहऱ्यावर एकही नव्हता. अंतरपाटाची कड खालच्या कोपऱ्यातून निसटताना अर्धी दिसत होती. मला हवा होता तो फोटो, जसाच्या तसा. मग तिच्या खांद्यामागे एक चेहरा वर येऊ लागला. मांडवातलं सगळं माणूस नवरीकडे बघत होतं. तो एकटा बघत होता सरळ लेन्सकडे. डोळे भरल्यासारखे, ओठ घट्ट मिटलेले.

मी चिमट्यानं कागद उचलला आणि म्हणालो, "हा मागचा भाग कापू. नको ते कापावं. फ्रेम घट्ट होईल."

"कापू नका," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं माझं ऐकलं नाही. "तुम्हीच म्हणता, ज्याच्या डोळ्यांत काहीतरी आहे त्याला सोडू नये."

"माझं काय काम आहे यात?"

"सगळं काम तुमचंच आहे," ती म्हणाली, आणि कागद हायपोत सरकवला, म्हणजे फोटो पक्का झाला. तिला कळलं होतं की नाही ते मला आजवर नीट सांगता येत नाही. मी विचारलंही नाही.

बहिणीनं तो फोटो हातात घेतला आणि रडली. "दादा, तुला माझ्याकडे बघवेना. नजर फिरवलीस ना?" आई पदर डोळ्यांना लावून बसली. आत्या म्हणाली, भावाची माया बघा. हा फोटो मंडळाच्या प्रदर्शनात समोरच्या भिंतीवर लागला आणि पहिला आला. खाली चिठ्ठीवर मैत्रिणीनं लिहिलं होतं, "भाऊ". लोक फोटोकडे बघत, मग माझ्याकडे बघत, आणि माझा हात हातात घेत. एक वयस्कर परीक्षक मला म्हणाले, "असे भाऊ राहिले नाहीत हो आता." मी म्हणालो, "छे, छे." माझ्या मत्सराला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि तेही तिच्या नावावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. समोर उभा राहून मी त्या फोटोचाही हेवा केला. उजेड उत्तम होता.

पुढे मी कॅमेरा कमी कमी केला. मैत्रीण मोठी होत गेली. बहिणीच्या बैठकीत तो फोटो गेली अनेक वर्षं आहे. मेहुणे गेले, त्यांचा हार घातलेला फोटो त्याच्या शेजारी आला, पण तो हलला नाही. भाचे मोठे होऊन हिंजवडीला नोकरीला लागले. घरी कुणी नवं आलं की बहीण त्या फोटोकडे बोट दाखवून सांगते, हा माझा दादा, बघा कसा रडवेला झाला होता.

परवा बाईंचं वाघोलीच्या एका कॉलेजात व्याख्यान होतं. तिनं फोन केला. "तुम्ही दोघांनी यायचंच." बहिणीचा हट्ट, म्हणून मी गेलो. सगळं ऐकायचं होतं असंही नाही. माझी वाक्यं माझ्या तोंडावर कशी सांगते ते बघायचं होतं. भाच्याच्या गाडीतून वाघोलीला पोहोचेपर्यंत अर्धा जन्म सिग्नलला गेला. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो.

तिनं सगळं सांगितलं. एक पाऊल पुढे, दारातला उजेड, भटजींची मूठ. आरशाचंही सांगितलं, बटण दाबताना आत अंधार होतो ते. आता नव्या कॅमेऱ्यांत आरसाच नसतो, त्यामुळे पोरांना त्याचं काही वाटलं नाही. मग तिनं पडद्यावर तो फोटो लावला. भिंतीएवढी माझी बहीण, आणि तिच्या खांद्यामागे खिडकीएवढा मी.

"यात काय दिसतं?" तिनं विचारलं.

कुणी म्हणालं कॉम्पोझिशन, कुणी म्हणालं इमोशन. एक मुलगी म्हणाली, "ब्रदर आहे ना? सिस्टर जाणार म्हणून सॅड आहे." मग मधल्या रांगेतला एक मुलगा उठला. "मॅम, तो सॅड नाहीये. तो तिच्याकडे बघतच नाहीये, कॅमेऱ्याकडे बघतोय. जेलस वाटतोय. फुल जेलस."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शेवटच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि पुढचा फोटो लावायला हात नेला, पण यंत्र काहीतरी अडलं आणि तोच फोटो पडद्यावर राहिला. तेवढ्या जुन्या फोटोतलं एवढं त्या पोराला एका नजरेत दिसलं याचासुद्धा मला क्षणभर हेवा वाटला.

शेजारी बहीण पडद्याकडे जरा पुढे झुकली होती. इतकी वर्षं बैठकीत असलेला फोटो ती नव्यानं बघत होती. मी समोर बघत राहिलो.

"दादा," ती हळूच म्हणाली, "ते जाऊ दे. मी कशी दिसत होते रे तेव्हा?"

"छान दिसत होतीस," मी म्हणालो. "मान वर केली होतीस. नथ जरा तिरकी झाली होती. डाव्या भुवईवर मुंडावळीची सावली..."

"ते फोटोत आहे," ती म्हणाली. "तू सांग."

मी तोंड उघडलं. पडद्यावरचा मी अजून त्या फ्लॅशकडेच बघत होतो.